ओटीचा पिवळा रंग

ही गोष्ट मी इतकी वर्षं टाळत आलो. विषय निघाला की मी दुसरंच काहीतरी काढायचो. कांद्याचा भाव, कालव्याचं आवर्तन, बिबट्या कुणाच्या गोठ्यात शिरला ते. कोणी अगदी सरळच विचारलं, की सर, त्या साली आपल्या गावात कावीळ कशानं आली, तर मी सांगायचो, "खालच्या आळीत गटाराचं पाणी पाइपात शिरलं." ते खरं होतं. खोटं बोलायची वेळ माझ्यावर कधीच आली नाही. माझं सगळं खऱ्या वाक्यांवरच भागलं, आणि म्हणूनच हे लिहायला इतका उशीर झाला.

आमचं गाव जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांच्या शिवेवर आहे. नाव लिहीत नाही. मी इथल्याच शाळेत विज्ञान शिकवलं आणि निवृत्त झालो. टेकडीवर पाण्याची टाकी आहे. टाकीच्या पायथ्याला माझं घर आणि उताराच्या पार शेवटाला खालची आळी. पाणी नदीवरून टाकीत चढतं आणि टाकीतून गावात उतरतं.

पूर्वी त्या पाण्यात टीसीएल पावडर, म्हणजे क्लोरीनची जंतुनाशक भुकटी टाकत. बादलीत कालवायची, गाळ बसू द्यायचा आणि वरची निवळी टाकीत ओतायची. हे काम करणारा, पाणी सोडणारा माणूस माझा विद्यार्थी. मेंढपाळाच्या घरातला. नववीपर्यंत शिकला, मग मेंढरांमागे गेला आणि पुढे लग्न झाल्यावर गावाच्या पाणीपुरवठ्यावर लागला. मला भेटला की सायकलवरून उतरायचा. मी सांगूनही त्यानं ही सवय सोडली नाही.

पाण्यात औषध पोचलं की नाही हे बघायला तो घरोघर नळाचं पाणी तपासत फिरे. काचेच्या छोट्या नळीत पाणी घ्यायचं आणि बाटलीतल्या औषधाचे थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे, रंग आला नाही तर नाही. कागदोपत्री या तपासणीला ओटी टेस्ट म्हणत. गावानं त्यातली टेस्ट गाळून टाकली आणि ओटी तेवढी ठेवली. तो दारात आला की बायका म्हणायच्या, "आले बाई भाऊ ओटी घ्यायला. गड्यामाणसानं ओटी घेतलेली ह्याच गावात बघितली."

"खण-नारळ ऱ्हाऊ द्या वैनी," तो म्हणायचा, "निस्तं अर्धा पेला पाणी घाला ओटीत."

असं हसतखेळत चाललं होतं. मग गावाला नगरपंचायत आली आणि तिनं पावडर बंद करून क्लोरीन गॅस आणला. निर्णय योग्य होता. पावडर दमट खोलीत पडून राहिली की तिचा जोर जातो. एखाद्या दिवशी पाण्याला उग्र वास, तर एखाद्या दिवशी औषध असून नसल्यासारखं. गॅस मोजून सोडता येतो. टाकीशेजारच्या खोलीत सिलिंडर बसले, एक काचेची नळी बसली, तिच्यातली गोळी वरखाली होई आणि तिच्यावरून गॅस किती जातोय ते कळे. त्यानं मला मुद्दाम वर नेऊन सगळं दाखवलं. मीही पारावर बसून लोकांना समजावून सांगितलं की हे चांगलं आहे.

त्याच सुमारास माझी बायको पुण्याहून उपचार घेऊन परत आली. आजार मोठा होता, औषधं त्याहून मोठी. तिला कशाचाच वास सहन होईना. फोडणीचा नाही, साबणाचा नाही, माझ्या शर्टाचाही नाही. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे पाण्याचा. आमचं घर टाकीला लागून, त्यामुळे गॅसचा वास आमच्या नळाला सर्वांत जास्त. पेला ओठांपर्यंत नेला की तिला उमळून यायचं. डॉक्टरांनी बजावलं होतं की पाणी भरपूर पोटात गेलं पाहिजे, नाहीतर मूत्रपिंडं जातील.

मी काय काय केलं ते आता आठवलं तरी घाबरल्यासारखं होतं. पाणी उकळून गार केलं, तर तिला भांड्याचा वास आला. रात्रभर परातीत उघडं ठेवलं, तरी तेच. माठात वाळा टाकला. बोअरचं आणलं, ते मचूळ. मंचरहून पाण्याचे जार आणले, तर तिला प्लॅस्टिकचा वास आला. एका नातेवाइकाच्या विहिरीचं पाणी तिला चाललं. ते मी स्कूटरवर कॅन बांधून आणायचो. मग उन्हाळा लागला आणि विहीर आटली. तिचे ओठ फुटले होते. एकदा ती म्हणाली, "अहो, मला तहान लागलीय आणि मला पाणी नकोय. हे कुणाला सांगू?" त्या वाक्यानं मी हरलो.

मी टाकीवर गेलो आणि त्याला म्हटलं, गॅस जरा कमी कर.

तो ओशाळला. म्हणाला, "सर, तुमचं घर टाकीखालीच. तुमच्याकडं एवढा लागतो तवा कुठं खालच्या आळीला चिमूटभर पोचतो. हितं कमी केला की तिकडं कायच नाय."

मला हे कळत होतं. नळातून जाता जाता क्लोरीन संपत जातो, हे मी त्याला शिकवावं अशी गोष्ट होती. मी मान हलवली आणि घरी आलो. आणि दुसऱ्या दिवसापासून लोक गोळा करायला लागलो.

लोक गोळा व्हायला वेळ लागला नाही, कारण वासाबद्दल सगळेच कुरकुरत होते. हॉटेलवाल्याचा चहा बिघडत होता. बायका म्हणत होत्या, डाळ शिजत नाही. डाळीचा आणि गॅसचा काही संबंध नाही हे मला माहीत होतं, पण मी कुणाला थांबवलं नाही. नळाच्या पाण्याच्या बाटल्या हातात घेऊन आम्ही नगरपंचायतीवर गेलो. निवृत्त शिक्षक म्हणून मी पुढे.

तिथले मुख्याधिकारी साहेब तरुण होते, सभ्य होते. त्यांना वाटलं, लोकांना डोळ्यांसमोर दाखवलं की पटेल. त्यांनी पाणी सोडणाऱ्याला बोलावलं आणि सांगितलं, यांच्यासमोर टेस्ट करा. आमच्याच एका बाटलीतलं पाणी त्यानं नळीत घेतलं आणि थेंब टाकले. पाणी पिवळंजर्द झालं. त्यानं नळी उंच धरली. त्याच्या चेहऱ्यावर समाधान होतं, काम चोख असल्याचं.

हॉटेलवाला म्हणाला, "आयला, पाण्यालाच कावीळ झाली की राव."

आधी लोक हसले. मग हसायचे थांबले. मागून एक बाई म्हणाली, "मंग माझ्या पोराला मागल्या साली झाली ती ह्याच्यानंच. डॉक्टर इचारत व्हता, पाणी कुठलं पिता."

"आवं वैनी, तवा गॅस कुठं व्हता," तो म्हणाला. "आन पिवळं झालं म्हंजी चांगलं. म्हंजी पाण्यात औषध हाय."

"डोळं पिवळं, लघवी पिवळी, तवाबी चांगलंच म्हन."

"दिसतंय समद्यांना. पिवळं ते पिवळं."

गलका वाढला. कोणीतरी मोबाइलवर त्या नळीचा फोटो काढला. तो सगळ्यांना समजावत होता, पण कोणी ऐकत नव्हतं. मग तो माझ्याकडे वळला. "सर, तुमी सांगा यांना. तुमीच शिकिवलंय आमाला, रंग कशानं बदलतो त्ये. लिटमसचा कागद दिल्ता तुमी माझ्या हातात."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. एक वाक्य पुरलं असतं. हा रंग आपण टाकलेल्या थेंबांचा आहे, काविळीचा नाही. हा रंग नसेल तेव्हा घाबरा. हेच मी तीसएक वर्षं वेगवेगळ्या शब्दांत मुलांना सांगत आलो होतो. आणि माझ्या मनात त्या क्षणी एवढंच आलं की मी हे बोललो तर गॅस कमी होणार नाही आणि ती पाणी पिणार नाही.

मी म्हणालो, "वास तर येतोच ना."

बस, एवढंच. वाक्य खरं होतं. लोकांनी त्याचा हवा तो अर्थ घेतला. सर पण तेच म्हणतात. संध्याकाळपर्यंत तो फोटो गावाच्या सगळ्या ग्रुपवर गेला. पिवळी नळी, तिच्या मागे मी उभा. खाली लिहिलेलं, आपण हे पितोय. मी तो पाहिला आणि फोन पालथा घालून ठेवला.

साहेबांनी तोंडीच सांगितलं, लोकांना पिवळं दिसता कामा नये. त्यानं गॅस उतरवला. तरी त्यानं आपल्या परीनं थोडा ठेवला होता. पण आता लोकच त्याला दारात अडवू लागले. ज्या ओटीवरून थट्टा चालायची ती आता झाडाझडती झाली. "घाला भाऊ थेंब, बघू पांढरी ऱ्हाती का." किंचित पिवळसर झाक दिसली तरी भांडण. मग त्यानं गॅसच्या नळीतली गोळी पार खाली नेली आणि तपासणीच्या नळीतलं पाणी स्वच्छ, बिनरंगी दिसू लागलं. लोक खूश झाले.

माझ्या घरी पाण्याचा वास गेला. तिनं पेला तोंडाला लावला, थांबली, आणि पूर्ण प्यायली. मग आणखी मागितलं. मी स्वयंपाकघरात जाऊन रडलो. हे लिहून ठेवणं भाग आहे, कारण त्या पेल्याचा आनंद मला झाला होता आणि तो आजही खोटा वाटत नाही.

उन्हाळा संपत आला तेव्हा तो माझ्याकडे आला. ओट्यावर बसला नाही, उभाच राहिला.

"सर, खालच्या आळीला रंगच येत नाय आता. साफ नाय. मला भ्या वाटतंय. तुमी चला ना साहेबाकडं. तुमी बोलला तर लोकबी ऐकतील."

आतून तिच्या भांड्यांचा आवाज येत होता. कित्येक महिन्यांनी ती स्वतः चहा टाकत होती. मी त्याला म्हटलं, "थोडे दिवस थांब. हिची तब्येत जरा धरू दे. मग जाऊ आपण दोघं."

"किती दिस, सर?"

"पाऊस पडून नदीला पाणी येऊ दे. मग बघू."

नदीला नवं पाणी आलं की गढूळ येतं, तेव्हाच क्लोरीन सगळ्यांत जास्त लागतो. हे मला माहीत होतं आणि त्यालाही माहीत होतं. पण मी त्याचा सर होतो. तो "बरं" म्हणाला, हिच्या हातचा चहा प्यायला आणि गेला.

त्याच आठवड्यात त्याची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली. पहिलं बाळंतपण. सासर लांब, चांगलं शहरातलं; तिथे राहिली असती तर आमच्या गावच्या पाण्याशी तिचा संबंध आला नसता. पण पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी आणायची, त्यात विचार करण्यासारखं कुणाला काही वाटत नाही. त्याचं घर खालच्या आळीत, नळाच्या शेवटच्या टोकाला.

पावसात गटार तुंबलं, खालून जाणारा जुना पाइप चिरलेला होता, आणि आळीत एकेक माणूस आजारी पडू लागला. आधी ताप, मळमळ. मग डोळे पिवळे. बहुतेक जण पडून राहून, पथ्य करून उठले. पण गरोदर बाईला ही पाण्यातली कावीळ फार वाईट, हे मी तेव्हा डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं. तिला आधी मंचरला नेलं. तिथून पुण्याला न्यायला सांगितलं.

मी पुण्याला गेलो. बायकोच म्हणाली, तुम्ही जा, तो आपला माणूस आहे. दवाखान्याच्या जिन्यात तो पायरीवर बसला होता. मला बघून उठायला लागला, मी त्याला खांद्याला धरून बसवलं. मुलगी बेशुद्ध होती. पोटातलं बाळ आदल्या दिवशीच गेलं होतं. त्याची बायको भिंतीला टेकून नुसती दरवाजाकडे बघत होती. आत कोणी सोडत नव्हतं, बाहेर कोणी काही सांगत नव्हतं. एक नर्स बाहेर आली की ते दोघं तिच्या तोंडाकडे बघत आणि ती खाली बघून निघून जाई.

तो हलक्या आवाजात म्हणाला, "सर, गोळी म्याच खाली नेली. माझ्या हातानं."

मला वाटलं, आता. आता सांगायचं. तू माझ्याकडे आला होतास, मी थांबवलं. शब्द तोंडाशी आले होते. आणि मी म्हणालो, "असं मनाला लावून घेऊ नकोस. पाइप फुटला त्याला तू काय करणार?"

हेही खरंच वाक्य.

ती गेली. तिला गावी आणलं. सासरकडची माणसं आली होती. त्यांच्यापैकी एकानं त्याला सगळ्यांसमोर विचारलं, "तुम्हीच ना पाणी सोडता गावाला?" तो "हो" म्हणाला. मी चार हातांवर उभा होतो.

नंतर पाइप बदलला. गॅस पुन्हा वाढला. वासाबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही, उलट नळी पिवळी झाली नाही तर लोक आता भांडायला लागले. हॉटेलवाला थेंबांची बाटली स्वतःच आणून गल्ल्यावर ठेवायचा आणि गिऱ्हाइकाला दाखवायचा. बायकोनं त्या वेळेपर्यंत ताकद धरली होती, वासासकट पाणी प्यायची. चौकशी झाली तेव्हा एवढंच निघालं की पाणी सोडणाऱ्यानं गॅस कमी ठेवला होता. साहेबांची बदली झाली होती. तोंडी हुकूम कुणाला दाखवणार? मला कोणी बोलावलं नाही आणि मी आपण होऊन गेलो नाही. त्याला कामावरून काढलं. त्यानं हूं का चूं केलं नाही. आपल्याला हे मिळायलाच पाहिजे होतं, असंच त्याला वाटत असणार.

तो भावाकडे गेला, लोणीच्या बाजूला. भाऊ अजून मेंढरं राखतो. एकदा मी मनाशी सगळं ठरवून तिकडे गेलो. वाटेत मंचरला ट्रकांच्या रांगेत एसटी अडकली, तेव्हा वाक्यं पुन्हा पुन्हा म्हणून बघितली. तो एका कापणी झालेल्या शेतात भेटला. मेंढरं बसवलेली होती. मला बघून त्यानं घोंगडी अंथरली, तीन दगडांवर चहा ठेवला.

"बाई कशा हायेत, सर?"

"बरी आहे."

"पाणी जातंय ना त्यांना?"

मी हो म्हटलं. चहा शेळीच्या दुधाचा होता. आम्ही बराच वेळ मेंढरांबद्दल बोललो. रात्री बिबट्या येतो, दोन कुत्री नेली, असं तो सांगत होता. मग त्यानं चहाचा पेला खाली ठेवला.

"सर, येक इचारू? तुमाला कळतं त्यातलं. म्या थोडा जरी गॅस ठिवला असता, तर वाचली असती का वो?"

त्यानं प्रश्न वर्गात विचारावा तसा विचारला होता. उत्तर मला नक्की माहीत नव्हतं. ते कुणालाच नक्की माहीत नसतं. पण त्याच्या प्रश्नातला पहिलाच शब्द चूक होता, आणि तो दुरुस्त करणारा जगात मी एकटा होतो. 'म्या' नव्हे, 'सर'. एवढंच त्याला सांगायचं होतं.

मी म्हणालो, "आता विचार करून काय उपयोग?"

तो म्हणाला, "तेबी खरंच," आणि काटकीनं विस्तव सारखा करत बसला. मी निघालो तेव्हा त्यानं मला रस्त्यापर्यंत पोचवलं.

पुढे बायको गेली, त्याच आजारानं. तिला मी यातलं काही सांगितलं नव्हतं. तिला कळलं असतं तर तिनं पाण्याचा पेला हातात धरला नसता. ती गेल्यावर माझ्याजवळ सबबही उरली नाही. तरी मी आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिलो. पाय दुखतात, एसटी वेळेवर नाही, ते कळप घेऊन कुठे असतील कोण जाणे.

मागच्या दिवाळीनंतर मंचरच्या बाजारात त्याचा भाऊ भेटला. म्हणाला, "गेला की तो, सर. छातीत दुखलं, गाडी येस्तवर संपलं." मग त्यानंच पुढे सांगितलं, "लई गप झाल्ता शेवटी. पाणी दिलं तर आदी पेला उजेडाला धरून बघायचा. आमी म्हनायचो, हिरीचं हाय, पी आता."

आजूबाजूला बटाट्याच्या गोण्या चढत होत्या, माणसं ओरडत होती. त्याचा भाऊ माझ्या उत्तराची वाट बघत थांबला. मग "येतो, सर" म्हणून निघून गेला.

त्याच्या बायकोला जाऊन सांगावं, असं मनात येतं. पण तिच्यापुढे उभं राहायची ताकद मला आजही नाही, म्हणून निदान इथे लिहितो. त्या दिवशी लोणीच्या शेतात, चहा पिताना, मला त्याला हे सांगायचं होतं:

गॅस तू कमी केला नाहीस, मी केला. तुझा हात तेवढा वापरला. लोकांसमोर तू मला खरं सांगायला लावत होतास आणि मी वासाचं बोललो. नंतर तू माझ्या दारात आलास, भीती वाटते म्हणालास, आणि मी तुला थांबवलं, कारण माझं माणूस पाणी पीत होतं. तुझी मुलगी तेव्हा अजून आलेली नव्हती. आपण त्याच दिवशी साहेबांकडे गेलो असतो तर वेळ होती. तू विचारलंस ते चुकीच्या माणसाबद्दल विचारलंस. तुझं काही चुकलं नाही. माझं चुकलं, बाळा. मला माफ कर.